काइतेन-झुशी: जपानला येताय तर पट्ट्यावरची स्वस्त सुशी नक्की खा

अनघा_ओसाका

जपानला फिरायला येणारी मराठी मंडळी आता वर्षभर भेटतात आणि इथे राहणाऱ्यांना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुशी कुठे खायची? बऱ्याच जणांच्या मनात आधीच पक्कं असतं की खरी सुशी म्हणजे लाकडी काउंटर, पलीकडे गंभीर चेहऱ्याचा उस्ताद आणि माणशी दहा-पंधरा हजार येनचं बिल. ते झेपत नाही, म्हणून सुपरमार्केटमधला डबा घेऊन हॉटेलच्या खोलीत खातात आणि सुशीची हौस तेवढ्यावरच भागवतात. मधला रस्ता त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सरकत्या पट्ट्यावरून ताटल्या फिरतात ती काइतेन-झुशी. ही पर्यटकांसाठी केलेली गंमत नाही. रविवारी दुपारी उपनगरातल्या कुठल्याही शाखेत जाऊन बघा. नातवंडांना घेऊन आलेले आजी-आजोबा, सामना संपवून बेसबॉलच्या गणवेशातच आलेली पोरं, एकट्याने शांतपणे जेवणारे काका, बाळाला मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने ताटली उचलणारी आई. आपल्याकडे उडप्याच्या हॉटेलला जी जागा आहे, ती इथे काइतेन-झुशीला आहे.

मोठ्या साखळ्या चार: सुशिरो, कुरा-झुशी, हामा-झुशी आणि काप्पा-झुशी. बरीच वर्षं यांची ओळखच '१०० येनची ताटली' अशी होती. २०२२ मध्ये येन घसरला, मासळी महागली. युक्रेन युद्धामुळे नॉर्वेहून विमानाने येणाऱ्या सामन (सॅल्मन) माशाला रशियाला वळसा घालून यावं लागलं, त्याचा भाडेखर्च वाढला. त्या ऑक्टोबरात सुशिरोची सर्वांत स्वस्त ताटली करासह ११० वरून १२० येन झाली आणि शहराच्या मध्यभागातल्या शाखांत त्याहून जास्त. तरीही आठ-दहा ताटल्यांत पोट भरतं. साध्या ताटल्याच घेतल्या तर माणशी हजार-बाराशे येन, म्हणजे आपले सहा-सातशे रुपये. मधूनच एखादी महागडी ताटली घेतली तरी दीड हजाराच्या आसपास राहतं.

आता आत गेल्यावर काय करायचं ते.

दारातच एक यंत्र असतं. किती माणसं, काउंटर हवं की टेबल, एवढं दाबलं की नंबराची चिठ्ठी मिळते. नंबर पुकारला की आत जायचं. शनिवार-रविवारी जेवणाच्या वेळेला तासभर थांबावं लागू शकतं, त्यामुळे दुपारी अडीच ते पाचच्या मधे जा. साखळीच्या अॅपवरून आधी नंबर लावता येतो.

टेबलावर सगळं मांडलेलं असतं: कप, हिरव्या चहाची पूड, सोया सॉस, चॉपस्टिक्स, आल्याच्या गोड-आंबट कापांचा डबा. शिवाय टेबलाला बसवलेला छोटा काळा नळ असतो, त्याला कप टेकवून दाबलं की उकळतं पाणी येतं. त्या नळाखाली हात धुऊ नका. नवखे पाहुणे सरळ हात पुढे करतात आणि भाजून घेतात. लहान मुलं असतील तर त्यांना नळाच्या बाजूला बसवूच नका. चहाची पूड चिमूटभरच घ्या, जास्त झाली की कडू होते. चहा फुकट, हवा तेवढा.

टचस्क्रीनवर इंग्रजी असतंच. हवं ते निवडून दाबलं की आतून ताटली सरळ तुमच्या टेबलासमोर येऊन थांबते. काही ठिकाणी ती शिंकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) आकाराच्या ट्रेमधून येते आणि पोरं खूश होतात. ताटली उचलली की बटण दाबून ट्रे परत पाठवायचा. पट्ट्यावरून उचललेली ताटली परत पट्ट्यावर ठेवायची नाही, आणि दुसऱ्याने मागवलेलं जात असेल तर त्याला हात लावायचा नाही. सक्तीचे नियम हे दोनच. बाकी चॉपस्टिक्सने खा की हाताने, आधी काय नि नंतर काय, कोणी बघत नाही.

वासाबी बहुतेक साखळ्यांत सुशीच्या आत नसतो. छोट्या पुड्या वेगळ्या मिळतात. सोया सॉस भाताला नाही, माशाच्या बाजूला लावा, नाहीतर भात सुटतो आणि सगळं खारट होतं.

रिकाम्या ताटल्या टेबलावर रचत जायच्या, शेवटी त्याच मोजून बिल होतं. कुरा-झुशीत मात्र टेबलालाच एक खाच असते, तिथे ताटल्या आत टाकायच्या. पाच टाकल्या की स्क्रीनवर एक छोटा खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर वरून खेळण्याची कॅप्सूल पडते. मुलं बरोबर असतील तर डोळे झाकून कुरात जा, सामन न खाणारं पोरही काकडीची सुशी मागून पाच ताटल्या पूर्ण करतं. टिप देण्याची पद्धत नाही.

अजून काय हवं ते विचारा. इथल्या इतर मंडळींनीही भर घालावी.

---

रानमेवा

अनघाताई, फार उपयोगी लिहिलंत. आम्ही एप्रिलमध्ये येतोय. मी मासे खाते, यजमान अंडं खातात पण मासे नाही, सासूबाई पूर्ण शाकाहारी. अशा कुटुंबाने तिथे जाऊन काही उपयोग आहे का? की मी एकटीनेच जावं?

---

अनघा_ओसाका

रानमेवा, सगळे मिळून जा. मिश्र कुटुंबासाठी याच्याइतकी सोयीची जागा जपानमध्ये क्वचित मिळेल, कारण प्रत्येकाची ताटली वेगळी आणि कोणाच्या ताटात कोणाचं मिसळत नाही.

यजमानांसाठी कॉर्न-मेयो गुंकान (भाताभोवती समुद्री शेवाळाची पट्टी, वर मका), फ्रेंच फ्राइज, चॉकलेट केक, आइसक्रीम. पण अंड्याची गोडसर सुशी, तामागो, घेताना एक लक्षात ठेवा: ते अंडं बहुतेक वेळा 'दाशी' घालून केलेलं असतं. दाशी म्हणजे सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसाचं पाणी. त्यांना तेही नको असेल तर तामागो सोडा.

सासूबाईंसाठी काकडीचा काप्पा-माकी, उकडलेल्या एदामामे (कोवळ्या सोयाबीनच्या) शेंगा, साखळीनुसार लोणच्याच्या वांग्याची सुशी किंवा आवोकादो, फळं. इनारी, म्हणजे तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, दिसायला शुद्ध शाकाहारी. पण ती पिशवी ज्या पाण्यात शिजते त्यात दाशी असते. मिसो सूप आणि उदोन (जाड नूडल्स) यांचंही तेच. चावानमुशी नावाचं अंड्याचं कस्टर्ड दिसेल, त्यात कोळंबीचा तुकडाही असतो.

सासूबाईंचं पूर्ण जेवण तिथे होणार नाही हे आधीच सांगते. त्यांना थोडं खाऊ घालून नेलंत तर तासभर मजेत बसतील.

---

निशीकासाईवाला

छान धागा. शाकाहारींसाठी एक भर घालतो, कारण यात आपले लोक हमखास फसतात.

प्रत्येक साखळीच्या संकेतस्थळावर अॅलर्जीचा तक्ता असतो. तो बघून 'मासे नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. जपानमध्ये जे घटक लिहिणं सक्तीचं आहे त्यांत कोळंबी, खेकडा, अंडं, दूध, गहू, शेंगदाणा वगैरे येतात. लिहावेत अशी शिफारस असलेल्या घटकांत बांगडा, सामन, माकूल वगैरे आहेत. कात्सुओ दोन्ही याद्यांत नाही. म्हणजे दाशी असलेल्या पदार्थासमोरही माशाचा रकाना कोरा दिसू शकतो. तो तक्ता अॅलर्जी असलेल्यांसाठी आहे, शाकाहारींसाठी नाही. पदार्थात दाशी आहे का हे थेट विचारा. फोनवर जपानीत लिहिलेलं एक वाक्य तयार ठेवा: 'कात्सुओ दाशी आहे का?'

नात्तोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सुशीबरोबर येणाऱ्या सॉसमध्येही दाशी असते. नात्तो खाणारा शाकाहारी मराठी माणूस विरळा, पण आमच्या टोक्योतल्या निशीकासाईत आहेत काही.

आणि चर्चेत कोणी जैन वाचक असतील तर त्यांनी तिथे फक्त चहा प्यावा असंच सुचवेन. विषाची परीक्षा नको.

---

सुरंगीचा_गजरा

बांगड्याचा नाव वाचलंय म्हणान थांबलंय!

मी मालवणची. आमच्याकडे बांगडा तिरफळं घालून, नाहीतर तव्यावर खरपूस. कच्चा बांगडा ऐकूनच अंगावर काटा येतो. खरंच कच्चा देतात? आणि आपल्या माशांपैकी तिथे ओळखीचं काय सापडेल?

---

अनघा_ओसाका

सुरंगी, स्वागत! बांगडा अगदी कच्चा नसतो. 'शिमे-साबा' म्हणजे आधी मीठ चोळून ठेवलेला, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. व्हिनेगरने वरचा भाग पांढुरका आणि घट्ट होतो, आत मात्र ओलसर मऊ. जात आपल्या बांगड्याहून वेगळी, तेल खूप जास्त. मालवणी माणसाने पहिल्याच ताटलीत तो खावा असं मला मनापासून वाटतं, कारण वास आणि चव ओळखीची असते. नवखी असते ती आंबट बाजू. कच्च्याची भीती असेल तर 'आबुरी' लिहिलेलं निवडा, त्यावर गॅसची ज्योत फिरवून वरचा भाग भाजलेला असतो.

ओळखीचं बरंच आहे. इवाशी म्हणजे तारलीच्या कुळातली. इका म्हणजे माकूल, कच्चा आणि किंचित गोड. एबी म्हणजे कोळंबी, उकडलेली मिळते आणि आमाएबी कच्ची, ती अगदी साखरेसारखी गोड. उनागी आपल्या वामेसारखी लांबोडकी ईल, पण भाजून गोड सॉस लावलेली, त्यामुळे कच्च्याला घाबरणाऱ्यांना आधी तीच द्यावी. इकुरा म्हणजे सामनची गाबोळी, तोंडात एकेक दाणा फुटतो. गाबोळी आवडत असेल तर इकुरावर खर्च करा, ती महाग ताटली असते पण पैसे वसूल.

पापलेट नाही मिळणार. सुरमईच्या जवळचा सावारा कधीमधी मोसमात येतो.

---

समुद्रमंथन

माझं काम खाद्यसुरक्षेशी संबंधित आहे, म्हणून कच्च्या माशाबद्दल नीट लिहितो. धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नये.

समुद्री माशांत आनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. बांगडा, इवाशी, माकूल यांत तो विशेष. जिवंत पोटात गेला तर काही तासांत पोटात भयंकर कळा येतात. व्हिनेगर, मीठ, वासाबी, सोया सॉस यांपैकी कशानेही तो मरत नाही. 'व्हिनेगरमध्ये मुरवला की झालं' ही समजूत चुकीची आहे. तो मरतो उष्णतेने किंवा गोठवून: उणे २० अंशांवर २४ तास, असं जपानच्या आरोग्य खात्याचं मार्गदर्शन आहे. मोठ्या साखळ्यांचा बराचसा मासा गोठवलेलाच येतो. तूना तर समुद्रातच, बोटीवर उणे ६० अंशांना गोठवतात. 'गोठवलेला म्हणजे कमअस्सल' असं इथल्या तूनाबद्दल म्हणता येत नाही.

सामनची गोष्ट तर फारच चांगली आहे. जपानी लोक पूर्वी सामन कच्चा खात नसत, याच कृमीच्या भीतीने. नॉर्वेने १९८० च्या दशकात पिंजऱ्यात वाढवलेला, खाद्य देऊन पोसलेला सामन जपानी बाजारात आणायची मोहीम चालवली. जुन्या उस्तादांनी तो जवळ केला नाही, पण काइतेन-झुशीने केला. आज गिऱ्हाइकांच्या आवडीच्या पाहण्यांत तोच वर्षानुवर्षं पहिला येतो. म्हणजे आपण ज्याला सुशीचा चेहरा समजतो, त्या केशरी सामनला लोकप्रिय करण्यात या स्वस्त पट्ट्याचा मोठा वाटा आहे.

मालवणच्या किंवा ससून डॉकच्या ताज्या बांगड्याची सुशी घरी करू नका. घरचा फ्रीझर उणे २० ला २४ तास स्थिर राहीलच असं नाही, आणि आपल्या हवेत मासा पकडल्यापासून घरी येईपर्यंत बर्फाची साखळी तुटते. हिस्टामाइनची विषबाधा बांगड्यात लवकर होते आणि ते विष नंतर गोठवून किंवा शिजवूनही जात नाही.

---

ठाम_मत

माझं मत वेगळं आहे. मी पट्ट्यावरची सुशी खाल्ली आहे आणि चांगल्या काउंटरवरचीही. पट्ट्यावर भाताचा गोळा यंत्र करतं, मासा कारखान्यात कापून येतो, फक्त एकावर एक ठेवतात. उस्तादाच्या हातचा भात कोमट असतो, तोंडात सुटतो. हा घट्ट लागतो. जपानला एवढे पैसे घालून जायचं आणि यंत्राची सुशी खायची? पैसे साठवा, एकदाच खा, पण चांगली खा.

---

अनघा_ओसाका

ठाम_मत, भाताबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. उस्तादाच्या हातचा भात वेगळाच, त्यावर वाद नाही. पण 'यंत्राची' म्हणून बाजूला सारण्याआधी ती यंत्रं का आली ते बघा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

सुशीचा जो प्रकार आपण खातो, हाताने दाबलेल्या भातावर मासा, तो एदो शहरात, म्हणजे आजच्या टोक्योत, १९ व्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला. हानाया योहेई या माणसाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. तेव्हा ती गाडीवर उभ्याने खायची वस्तू होती, कामावरून जाता-येता दोन घास. महाग काउंटर नंतर आले. युद्धानंतरच्या जपानमध्ये तर सुशी म्हणजे पाहुणे आले किंवा बढती मिळाली तरच, अशी स्थिती झाली.

तिथे योशिआकी शिराइशी येतात. ओसाकाच्या पूर्वेला फुसे नावाचा भाग आहे, आजच्या हिगाशी-ओसाका शहरात. सगळे छोटे कारखाने. शिराइशींचं तिथे उभ्याने खायचं लहानसं सुशीचं दुकान होतं, गिऱ्हाईक कारखान्यातले कामगार. स्वस्त विकायचं, पण माणसं कमी, हात पुरेनात. आसाही बिअरच्या कारखान्यात त्यांनी बाटल्या पट्ट्यावरून सरकत जाताना पाहिल्या आणि ताटल्याही तशाच सरकवायचं ठरवलं. सोपं नव्हतं. सरळ पट्टा कोपऱ्यावर वळत नाही. त्यासाठी चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींवर सरकतील अशी रचना करावी लागली. वेगही ठरवावा लागला: फार हळू असला तर गिऱ्हाईक कंटाळतं, फार जोरात असला तर उचलायची भीती वाटते. शेवटी सेकंदाला ८ सेंटीमीटर हा वेग रूढ झाला. १९५८ मध्ये 'मावारु गेन्रोकु झुशी' सुरू झालं, १९६२ मध्ये रचनेची नोंदणी झाली आणि १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये ती देशभर पोचली. १९७८ च्या सुमारास हक्क संपले आणि मग इतर साखळ्यांची रीघ लागली.

यंत्राचंही तसंच. भाताचा गोळा करणारा पहिला रोबो १९८१ चा, सुझुमो कंपनीचा. त्या काळात जपान सरकार शेतकऱ्यांना भाताचं क्षेत्र कमी करायला सांगत होतं, कारण लोक भात कमी खाऊ लागले होते. कंपनीच्या संस्थापकांना ते पटेना. सुशी स्वस्त झाली तर लोक पुन्हा भात खातील, या हेतूने त्यांनी यंत्र करायला घेतलं. सुशीच्या उस्तादांचा विरोध होता, बरीच वर्षं गेली यंत्राचा हात 'हलका' करण्यात.

तुम्ही म्हणता तशी महाग सुशी एकदा जरूर खावी. पण कामगाराच्या मुलाला वाढदिवसाला सुशी मिळाली ती या पट्ट्यामुळे. जपान बघायला येणाऱ्याने हेही जपान बघावं, एवढंच माझं म्हणणं.

---

ठाम_मत

भात कमी करण्याच्या धोरणाचा आणि रोबोचा संबंध मला माहीत नव्हता. उत्तम माहिती. भाताबद्दलचं मत कायम आहे, पण पुढच्या वेळी फुसेला जाऊन येईन.

---

केदार_नागोया

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. येणाऱ्यांनी हे लक्षात घ्या: आता सगळीकडे पट्ट्यावर सुशी फिरताना दिसेलच असं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये गिफूतल्या सुशिरोच्या शाखेत एका मुलाने सोया सॉसच्या बाटलीचं तोंड चाटलं, कप चाटले, थुंकी लावलेलं बोट फिरत्या सुशीला लावलं. मित्राने व्हिडिओ काढला आणि तो देशभर पसरला. कंपनीने सुमारे ६ कोटी ७० लाख येनचा दावा लावला, पुढे त्याच वर्षी तडजोड झाली. पण इथे रागाइतकंच लोकांना वाईट वाटलं होतं, कारण पट्टा चालतो तो विश्वासावर. दहा हात दूर बसलेला अनोळखी माणूस आपल्या जेवणाला हात लावणार नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

त्यानंतर सुशिरोने सुशी मोकळी फिरवणं थांबवलं. मागवाल तेवढंच येतं. काही शाखांत पट्ट्याच्या जागी टेबलाच्या लांबीचा मोठा पडदा आहे, त्यावर सुशीची चित्रं सरकतात, बोट लावलं की खरी ताटली येते. कुरा-झुशीने पट्टा चालू ठेवला आहे. त्यांच्या प्रत्येक ताटलीवर पारदर्शक झाकण असतं, २०११ पासून, ताटली ओढली की ते आपोआप उघडतं. शिवाय कॅमेऱ्यांनी लक्ष ठेवतात. फिरता पट्टा बघायचाच असेल तर कुरा गाठा.

माझ्या मते मागवून घेण्याच्या पद्धतीत खाणाऱ्याचा फायदाच झाला आहे. ताजं मिळतं आणि वाया जात नाही. पूर्वी सुशिरोच्या ताटल्यांखाली चिप असायची आणि ३५० मीटर फिरलेली ताटली आपोआप पट्ट्यावरून काढून टाकली जायची. शिळं कोणी खाऊ नये म्हणून केलेली चांगली व्यवस्था, पण तेवढं अन्न फेकलं जायचं. ते आता वाचतं.

---

निशीकासाईवाला

केदार, वाया जाण्याबद्दल सहमत. पण पट्टा गेल्याचं मला दुःख आहे. नाव न वाचता येणारी, आयुष्यात न पाहिलेली गोष्ट समोरून जायची आणि हात आपोआप पुढे व्हायचा. एन्गावा (चपट्या माशाच्या पराजवळचं मांस), होताते (स्कॅलॉप शिंपला), आनागो (समुद्री ईल) मी असेच शिकलो. स्क्रीनवर माणूस माहीत असलेलंच मागवतो. माझी मुलं दर वेळी सामन, कॉर्न, सामन, फ्राइज. त्यांना नवीन काही चाखायला लावायचं तर आता मला मुद्दाम मागवावं लागतं.

---

बे_एरियातून

आमच्याकडे कॅलिफोर्नियात कुरा-झुशी २००९ पासून आहे, अर्व्हाइनला पहिली शाखा, आता कंपनी नॅस्डॅकवरही आहे. झाकणं तीच, कॅप्सूलचा खेळ तोच, पण ताटली जपानच्या दुपटीहून महाग. मुलांच्या वाढदिवसाला नेतो. जपानमध्ये तेवढ्याच पैशांत सगळं कुटुंब जेवलं तेव्हा कळलं की तिकडे हे रोजचं जेवण आहे.

लंडनकरांना 'यो! सुशी' आठवत असेल, १९९७ मध्ये सोहोत सुरू झालेलं. तिथे ताटल्यांच्या रंगावर किंमत. पण ते पहिल्यापासून मौजमजेचं ठिकाण होतं, स्वस्त नव्हे.

---

प्राची_के

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला कच्चा मासा द्यावा का? आणि तासभर थांबावं लागलं तर मुलांचं काय करायचं?

---

अनघा_ओसाका

प्राची, इथल्या आया साधारण तीन वर्षांपर्यंत कच्चं देत नाहीत, नंतरही थोडं थोडं. तुमची मुलगी प्रवासात असणार, पोट नवीन पाण्याला सरावलेलं नसणार, त्यामुळे मी तरी शिजवलेलंच देईन: उकडलेली कोळंबी, उनागी, तामागो, उदोन, फ्राइज, करागे (तळलेलं) चिकन. मुलांसाठी उंच खुर्ची, छोटा वाडगा, काटा-चमचा मागितला की लगेच मिळतो. पाळणाघरातली अख्खी रांग बाजूच्या टेबलावर असल्यासारखा गोंगाट असतो, रडणाऱ्या मुलाकडे कोणी वळूनही बघत नाही. जपानमध्ये मुलांना घेऊन अवघडून बसावं लागतं अशा जागा बऱ्याच आहेत, ही त्यांतली नाही.

थांबणं टाळायचं तर अॅपवरून नंबर लावा आणि वेळ झाली की जा. अॅप चालत नसेल तर सकाळी दार उघडतानाच पोचा.

---

हिवाळी_पाखरू

होक्काइदो आणि कानाझावाचा उल्लेख कोणीच केला नाही! स्वस्त साखळी आणि महाग काउंटर यांच्या मधे आणखी एक पायरी आहे. पट्टा असतो, पण आत उस्ताद उभे, सुशी हाताने करणारे, मासा जवळच्या बंदरातला. ताटली २०० पासून ५००-६०० येनपर्यंत. माणशी तीन हजारांत राजेशाही जेवण.

होक्काइदोत नेमुरो हानामारु आणि तोरितोन. दोघांच्या शाखा टोक्योतही आहेत: हानामारु टोक्यो स्टेशनजवळच्या किट्टे इमारतीत, तोरितोन स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याशी. रांग लांब असते, तयारीने जा. कानाझावाला जपान समुद्राकडची मासळी मिळते, शिवाय हे पट्टे बनवणारा इशिनो कारखानाही त्याच शहरात आहे. ठाम_मत यांना भात आणि खर्च दोन्हींचा समतोल हवा असेल तर त्यांनी इथे जावं.

---

सुरंगीचा_गजरा

आमचं ठरलं! ऑक्टोबरच्या शेवटी ओसाका. अनघाताई, तेव्हा काय चांगलं असेल? आणि ते फुसेचं दुकान अजून आहे का? मला तिथेच बसून बांगडा खायचा आहे.

---

अनघा_ओसाका

सुरंगी, आहे. फुसे स्टेशनजवळ, नांबाहून किन्तेत्सुच्या गाडीने थोड्याच अंतरावर. टचस्क्रीनचा झगमगाट नाही, पट्ट्याच्या आतल्या बाजूला माणसं उभी राहून सुशी करतात, हवं ते तोंडाने सांगायचं. जपानी येत नसेल तर नुसतं 'साबा' म्हणा, कळतं.

ऑक्टोबर म्हणजे बांगड्याचा मोसम, थंडी सुरू झाली की त्याला चरबी चढते. इकुराही शरदातच ताजी येते. 'मोदोरी-गात्सुओ' लिहिलेलं दिसलं तर घ्या: वसंतात उत्तरेकडे गेलेला कात्सुओ शरदात खाऊन-पिऊन जाडजूड होऊन दक्षिणेला परततो, वर आलं-कांदापात घालून देतात. बुरी (यलोटेल मासा) खायला मात्र थांबा, तो थंडीतला, डिसेंबरनंतर येणाऱ्यांसाठी.

तारीख नक्की झाली की व्यनि (खाजगी निरोप) करा. ओसाका-कोबेतली आणखी कोणी मंडळी येणार असतील तर त्याच दिवशी फुसेला गटग (सगळ्यांची भेट) करू. दुकान लहान आहे, त्यामुळे रविवार नको, शनिवारी दुपारी तीन वाजता.